सातवा दगड

सडकचाचा सडकेवर पाय ठेवायच्या आधी चपला काढायचे. एप्रिल-मेच्या उन्हात डांबर पाघळून टायरांना चिकटत असायचं, आणि हा माणूस चपला काखेत मारून अनवाणी चाललेला. सडक सोडून शेताच्या वाटेला लागला की मग चपला पायात. नवखा माणूस बघून चक्रावायचा. "काय चाचा, देऊळ हाय का हे?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "देऊळ कशाला? डोळ्याला खड्डा पडल्यावर दिसतो, तळव्याला पडायच्या आधी कळतो." चालता चालता एखाद्या जागी थांबायचे, अंगठ्यानं दाबून बघायचे आणि तिथं चुन्याची फुली मारून ठेवायचे. पुढं पावसाळ्यात सडक बरोबर त्या फुलीवर खचायची. आम्ही तोंडात बोट घालायचो.

ते मैलकुली होते. आता हा शब्द कुणाला सांगावा लागतो. सडकेचे ठरावीक मैल एका मजुराच्या अंगावर टाकलेले असत. त्यानं खड्डे बुजवायचे, कडेच्या चऱ्या उकरायच्या, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारून आकडे घालायचे. सोलापूरकडून हैदराबादेकडं जाणारी जी जुनी सडक आमच्या गावावरून जाते, तिचे चार मैल चाचांकडं होते. त्यांच्या आधी त्यांच्या वडलांकडं आणि त्याच्याही आधी आजोबांकडं, निजामाच्या राज्यात. तेव्हा नोकरी त्यांची नव्हतीच, तेच नोकरीचे होते. रिटायर झाल्यावरही सकाळी सातला पहार खांद्यावर टाकून निघायचे. त्यांची बायको वैतागून म्हणायची, "सरकारनं सोडलं ह्यांना, ह्यांनी सरकारला सोडलं न्हाय."

आणि ह्याच माणसानं आमचं घर पाडलं. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कौतुक वाचून तुम्हाला वाटेल की मी नुसती आठवणींनी गहिवरलेली मास्तरीण आहे. गहिवर आहे, नाही असं नाही. पण त्याच्या शेजारी राग बसलेला आहे, आणि इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीच उठून गेलेलं नाही.

आमच्या अप्पांचं सडकेला लागून हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, पुढं चहा-भजी आणि मागं आमचं घर. चाचांची दिवसातली पहिली आणि शेवटची बैठक तिथंच. दोघं एका वयाचे, लहानपणापासूनचे दोस्त. अप्पा त्यांना "काय सडक्या" म्हणायचे, बाकी कुणी म्हटलं असतं तर चाचांनी पहारच काढली असती. पत्ता सांगायचा तर चाचा मैलातच सांगायचे. लोहाऱ्याहून आलेल्या पाहुण्यानं एकदा विचारलं, तुमचं जन्मगाव कोणतं? "एकतिसावा मैल, उजव्या हाताला," चाचा म्हणाले. पाहुणा अजून हसत असेल.

सडकेचा इतिहास मी पुस्तकात नाही वाचला, त्या बाकड्यावर ऐकला. "ही काय बाजाराला जायची सडक न्हाय, बेटा. ही फौजेची सडक," चाचा सुरू व्हायचे. सिकंदराबादच्या छावणीतून गोऱ्यांच्या पलटणी ह्याच वाटेनं यायच्या. निजामाचं घोडदळ यायचं. तोफा ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या, मागून दाणागोटा, त्याच्या मागून बाजारबुणगे. फौज एका दिवसात जेवढं चालते तेवढ्या अंतरावर पडाव. पडावाला विहीर, चिंचेची झाडं आणि दोन्ही अंगांना मोकळी सोडलेली जागा. आमची गल्ली त्या पडावाच्या जागेवरच बसलेली, म्हणून तिचं नावच पडाव गल्ली. "तोफ वळायला जागा लागते, मरायला टेकलेल्या बैलाला बाजूला घ्यायला जागा लागते," चाचा दोन्ही हात पसरून दाखवायचे. "सडक म्हणजे तुला दिसतं ते काळं फडकं न्हाय. सडक लई रुंद हाय. कडंला हद्दीचे दगड हायेत, जमिनीत गाडलेले. कुणाला ठावं न्हाय. म्हाझ्या दादानं, म्हंजे आज्यानं, म्हाझ्या बापाला दावले, बापानं मला."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला हेवा वाटायचा. आम्हाला आमच्या पणज्याचं नाव धड सांगता येत नाही!

एक गोष्ट मात्र ते हसत सांगायचे नाहीत. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी सोलापूरकडून हिंदुस्थानची मिलिट्री आली ती ह्याच सडकेनं. फौज गेली पुढं निघून, आणि मागं गावागावांत मुसलमानांचं जे झालं ते आमच्याकडं अजून दबक्या आवाजात बोलतात. चाचा तेव्हा अंगावर पिणारं पोर. त्यांच्या आईवडलांना आणि त्यांना माझ्या आजोबांनी आमच्या घराच्या बळदात लपवलं, भिंतीतल्या धान्य साठवायच्या पोकळीत, चार दिवस. दारात माणसं येऊन विचारून गेली. "म्या रडलो न्हाय म्हणून तिघं जगलो," चाचा म्हणायचे. अप्पा लगेच विषय मोडायचे. "रडला न्हाईस कारण तेव्हा मुखदुर्बळ होतास. त्याची कसर आता काढतोस. घे, चहा निवला."

सडकेच्या बाबतीत मात्र त्यांना ना दोस्ती कळायची ना उपकार. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडव दारात घालायचा होता. मेढी रोवायला सडकेच्या कडेला खड्डे घेतले, तर हा बाबा हळदीच्या दिवशी पहार घेऊन उभा. "खड्डा घेतला की पाणी मुरणार, पाणी मुरलं की सडक गेली. ट्रक सडकेचा दुश्मन न्हाय अप्पा, पाणी दुश्मन." शेवटी रेतीच्या पोत्यांत बांबू उभे करून मांडव झाला आणि वाऱ्यानं तीनदा कलला. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, त्यांना जेवायला वाढताना मुद्दाम बुंदी कमी घातली. चाचांच्या ते लक्षातही आलं नाही. ते जेवतानाही खिडकीतून कडेची चरी बघत होते.

मग सडक चौपदरी करायचं ठरलं. मोजणीवाले आले तो रविवार होता. मी लोहाऱ्याला शाळेत शिकवते, रविवारी घरी असायची, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. तिपाईवर यंत्र लावलेला एक तरुण इंजिनिअर, दोन-तीन मदतनीस आणि घड्यांवर फाटलेला एक जुना नकाशा. नकाशात हद्दीचे दगड होते, जमिनीवर एकही सापडेना. दगड नसतील तर आहे त्या डांबरापासून मोजायचं, अशी त्यांची आपसात बोलणी चालली होती. कुणीतरी म्हणालं, चाचांना विचारा. चाचा आले. इंजिनिअर पोरगा वाईट नव्हता, फक्त घाईत होता. म्हणाला, "आजोबा, नकाशात काहीतरी चूक असणार. एवढी रुंद सडक इथं कुठली? बैलगाडीची वाट असेल जुनी."

बैलगाडीची वाट! मी चाचांचं तोंड बघितलं आणि मनात म्हटलं, मेला हा पोरगा.

"बैलगाडीची वाट?" चाचा म्हणाले. "सायब, उभं ऱ्हावा हितं." त्यांनी चपला काढल्या, पहार घेतली आणि गल्लीच्या वरच्या टोकाला जाऊन घरांच्या मागच्या बाजूनं पावलं टाकत निघाले. एका कोंबड्यांच्या खुराड्यापाशी थांबून पहार मारली. टण्! माती उकरली तर कोरीव डोक्याचा काळा दगड, वर खूण खोदलेली. इंजिनिअरच्या तोंडून "अरे वा" निघालं. एवढं पुरे होतं. चाचा दुसऱ्या दगडाकडं निघाले तेव्हा मागं अर्धी गल्ली होती. तिसरा एका न्हाणीच्या भिंतीखाली निघाला, चौथा उकिरड्यात. प्रत्येक टण्कन आवाजाला लोक ओरडायचे, टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या. हे मला लिहायलाच पाहिजे. अप्पांनी मोजणीवाल्यांना भजी पाठवली, पैसे घेतले नाहीत. चाचा मला म्हणाले, "बघ बेटा, आता कागदावर नोंद हुईल. फौजेची सडक म्हणून नोंद झाली की पडावाच्या चिंचांना हात लावायची कुणाची टाप न्हाय." म्हाताऱ्याला वाटलं, हे लोक सडकेचा मान करायला आलेत. आम्हालाही तसंच काहीसं वाटलं.

एक मदतनीस मागून लाल रंगाचा डबा घेऊन घरांच्या पुढच्या भिंतींवर खुणा करत येत होता. चाचांनी जन्मभर झाडांवर आकडे घातलेले बघत आलो आम्ही. वाटलं, आकडे घालत असेल.

सहा दगड झाले. आमच्या घरापाशी सडक वळते, त्यामुळं सातव्या दगडाशिवाय पुढची हद्द ठरत नव्हती. चाचा आमच्या दारात आले आणि थांबले. मागं वळून त्यांनी गल्लीकडं बघितलं, त्या लाल डब्याकडं, भिंतींवरच्या ओल्या खुणांकडं. मग हॉटेलच्या पायरीवर बसले. पाणी मागितलं. मी तांब्या दिला, तर हातात धरून बसले, प्यायले नाहीत. "पुढचा कुठं, आजोबा?" इंजिनिअरनं दोनदा विचारलं. मला वाटलं, उन्हानं दमले. बऱ्याच वेळानं उठले, आमच्या मधल्या घरातून चालत परसात गेले. तिथं अव्वाचा धुणं धुवायचा दगड होता. त्यावरचं तिचं ओलं लुगडं त्यांनी उचललं, पिळलं, दोरीवर नीट पसरून टाकलं. आणि त्या दगडावर पहारेचं टोक टेकवलं. या खेपेला टाळी वाजली नाही. दमानं घेतल्यासारखा हळू आवाज झाला.

नोटिसा आल्या तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. दगडांच्या आतलं सगळं सडकेचं. आमचं घर, हॉटेल, जवळजवळ अख्खी पडाव गल्ली. आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून आम्ही सरकारच्या पडावावर राहत होतो म्हणे. मग भरपाईचा मावेजा तरी कशाचा? दोन वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या. शेवटी पिवळी मशीन आली. बळद फुटलं तेव्हा आत जुनी ज्वारी निघाली, काळी पडलेली. अव्वा ओंजळीत घेऊन उभी राहिली, टाकायला कुठं जागा दिसेना तिला. चिंचा त्याच आठवड्यात गेल्या.

चाचा त्या दिवशी आले होते. आमच्या भिंतीचे दगड मशीनखाली फुटू नयेत म्हणून स्वतः एकेक उतरवून बाजूला रचायला लागले. अप्पांनी त्यांच्या हातातला दगड काढून घेतला. "राहू दे," एवढंच म्हणाले. सहासष्ट-सदुसष्ट वर्षांच्या दोस्तीत तो शेवटचा शब्द, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

मी मात्र गप्प बसले नाही. सगळ्यांच्या देखत बोलले, आणि तोंडाला येईल ते बोलले. जन्मभर अहो-जाहो केलेल्या माणसाला एकेरीवर आले. "तुझी सडक घेऊन बस आता छातीवर!" चाचा मान खाली घालून ऐकत होते. त्यानंतर कितीतरी दिवस मला माझाच आवाज ऐकू यायचा.

गल्लीनं त्यांना वाळीत टाकलं. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, पण ते आले की पारावरची माणसं उठायची. अप्पांनी सडकेपासून मागं पत्र्याचं शेड टाकून चहा पुन्हा सुरू केला. चाचा समोरून जायचे, अप्पा भांडी घासायला घ्यायचे. एकदा एक जण बोलता बोलता घसरला. "शेवटी जातीवर गेला" असं काहीतरी बोलला. अप्पांनी त्याच्या पुढ्यातला भरला कप उचलून मातीत ओतला. "म्हाझं घर गेलंय, तुझं न्हाय. मला राग धरू दे. तू त्याची जात काढायची न्हाय. ऊठ." तो उठला. अप्पांचा राग चाचांवर होता, पण तो कुणाला वाटून घेऊ देणार नव्हते.

नवी सडक झाली. मधोमध दुभाजक, पलीकडं जायचं तर दीड-दोन किलोमीटरवर जाऊन वळा. चाचा कडेला उभे राहून बघायचे. चपला पायातच असायच्या. आत पाऊल टाकायची सोयच नव्हती.

गेल्याच्या मागच्या थंडीत चाचांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, हे अप्पांच्या कानावर आलं. एका रविवारी दुपारी अप्पा मला म्हणाले, "नंदा, चल." कुठं, ते मी विचारलं नाही.

चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. आम्हाला बघून उठायला गेले. अप्पांनी हातानं थांबवलं. पलीकडं स्टूल होतं, त्यावर बसले. मग अप्पांनी इतक्या वर्षांचं जे साठलं होतं ते विचारलं.

"तुला ठावं होतं का रं? तू परसात गेलास तेव्हा?"

मी मनात म्हणत होते, चाचा, नाही म्हणा. ठाऊक नव्हतं म्हणा. म्हाताऱ्याची एक चूक झाली, एवढंच राहील. अप्पा ते ऐकायलाच आले होते, मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं.

"पायरीवर बसलो तेव्हा ठावं झालं," चाचा म्हणाले. दम लागत होता, थांबून थांबून बोलत होते. "लाल खुणा बघितल्या अन् कळलं. आधीचे सहा दगड येडेपणानं दावले, अल्ला कसम. सातवा समजून-उमजून दावला. ते घर म्या वाचवू शकत होतो, अप्पा. न्हाय म्हटलं असतं, दगड गेला म्हटलं असतं, तर कुणी खोदलं नसतं. लई वाटलं. तुझ्या बापानं मला त्याच भिंतीत ठिवलं होतं. पण गल्लीतल्या सगळ्यांची घरं म्या घालवून बसलो होतो. त्यांच्यातल्या कुणाच्या बापानं मला लपवलं नव्हतं, म्हणून त्यांची जाऊ द्यायची अन् तुझं ठिवायचं? मग म्या त्यांना तोंड कसं दावलं असतं? अन् तू? तू त्या घरात बसून त्यांच्याकडं कसं बघितलं असतंस?"

अप्पांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस."

"तू तोंड फिरवून बसला होतास."

"बसलो होतो," अप्पा म्हणाले. निघताना त्यांनी चाचांच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण वर ओढलं. मला चाचांची माफी मागायची होती. चाचांनीच हात हलवून मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "शाळा बरी चालू हाय ना, बेटा?" मी "व्हय" म्हटलं. एवढंच झालं आमच्यात.

त्याच आठवड्यात ते गेले.

कब्रस्तान सडकेच्या पलीकडं. दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर जनाजा निघाला. माणसं थोडीच होती, घरची आणि मशिदीतली. पडाव गल्लीतले लोक पत्र्याच्या शेडांच्या दारांत उभं राहून बघत होते. मी बायकांबरोबर कडेला होते. सडकेपाशी येऊन जनाजा थांबला. ट्रक, कंटेनर, ट्रॅव्हल्स, एकामागून एक. कुणीतरी म्हणालं, पुढच्या वळणावरून जाऊ. दोन किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. खांदे मोजकेच.

"न्हाय," अप्पांचा आवाज आला. "ह्याला वळसा घालून नेयाचं न्हाय. हितनंच."

आणि माझे पंच्याहत्तरीचे अप्पा डोक्याचा रुमाल सोडून हातात घेऊन सरळ सडकेत शिरले. मी किंचाळले. ब्रेक कचकचले, हॉर्नचा एकच गोंधळ. एक ड्रायव्हर बाहेर डोकावून ओरडला, "ए म्हाताऱ्या, मरायचंय का?"

"मरायचं ते मेलंय," अप्पा त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. "त्याला जाऊ दे!"

ते रुमाल वर धरून उभे होते. शेडातून एक जण निघाला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग दुसरा. ज्याची न्हाणी गेली होती तो पलीकडच्या लेनमध्ये जाऊन गाड्यांना आडवा उभा राहिला. उरलेल्यांनी जनाज्याला खांदा दिला, दुभाजकावरून चाचांना उचलून पलीकडं नेलं. इकडं-तिकडं गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि कधी थांबले ते कळलं नाही, पण हॉर्न थांबले होते.

सगळे पार झाले. अप्पा मात्र तिथंच, लेनच्या मधोमध. मी पळत गेले, दंडाला धरलं. "अप्पा, चला, गाड्या सोडायच्यात." ते हलेनात. खाली डांबराकडं बघत होते. एकदा वळणाकडं बघितलं, एकदा आमच्या शेडाकडं, मनाशी काहीतरी जुळवत.

"नंदा, बळद हितंच होतं ना गं?"

मी बघितलं. हितंच होतं. "व्हय अप्पा," मी म्हटलं. "ह्याच जागी."

अप्पांनी वाकून तिथल्या डांबराला हात लावला, तो हात कपाळाला नेला, आणि मग आम्ही दोघं बाजूला झालो.